बिगर नावाची हाक

श्रीकांत मास्तरांना गाव बघायची भारी हौस. सन एकोणपन्नास. पेपरात रोज कुठलं ना कुठलं संस्थान विलीन झाल्याची बातमी, आणि मास्तर बडोद्याची नोकरी सोडून बुऱ्हाणपुरात इतवारा भागातल्या शाळेत रुजू झालेले. रविवार आला की बायकोला घेऊन निघालेच! शाही किल्ल्यातला हमाम झाला, जामा मशीद झाली, आज लालबागचा कुंडी भंडारा. लीलाचे पाय दुखत होते. पण लग्नाला चारच महिने झालेले, नाही कसं म्हणणार?

जमिनीखालून पाण्याचा बोगदा आणि त्यावर ओळीनं विहिरीसारख्या खोल कुंड्या. मास्तरांना बोगद्यातून चालून बघायचं होतं. पहिल्या कुंडीवर रखवालदार चुडामणनं दोराला फळी बांधली.

"पाचव्या कुंडीतून वर काढतो साहेब," तो म्हणाला. मग लीलाकडे वळला. "बाई, तुम्ही वरून चालजा. दर कुंडीवर साहेबाचं नाव घेऊन हाक मारजा. बिगर नावाची हाक खाली जाऊ द्यायची नाही."

"इश्श! नाव कसं घेऊ?"

"अगं, यांचं आपलं काहीतरी," मास्तर हसले आणि फळीवर बसून खाली गेले.

चुडामण दोर-फळी खांद्यावर टाकून लीलाबरोबर वरून निघाला. दुसऱ्या कुंडीवर ती वाकली. भर दुपारी आतून गार हवा येत होती, ओल्या चुन्याच्या वासाची.

"अहो!"

"ओ!" खालून आवाज आला. तिला बरं वाटलं.

तिसऱ्या कुंडीवर तिनं पुन्हा हाक दिली. "अहो!"

"ओ!" आणि लगेच, त्याच आवाजात, जरा मागून, "ओ!"

बोगदा आहे, आवाज घुमणारच, तिनं स्वतःला समजावलं. पण चुडामणचं तोंड पार उतरलं होतं.

"नाव घ्या बाई."

नाव जिभेवर येऊन अडलं. मेली ती लाज! ती तशीच पुढे निघाली. आता पाय दुखत नव्हते, उलट थांबवत नव्हतं.

चौथ्या कुंडीवर तिनं हाक मारलीच नाही.

"ओ!" खालून आलं. "ओ!"

पाचव्या कुंडीवर ती पळतच पोचली. चुडामणनं फळी सोडली. दोराला ओझं आलं. त्यानं घामाघूम होत ओढलं आणि मास्तर वर आले, कंबरेपर्यंत भिजलेले. लीलाच्या जिवात जीव आला. रडूच फुटलं तिला.

"अहो, चला, घरी चला," ती म्हणाली. मास्तर सदरा पिळत उभे राहिले.

"अगं, फळी सोडायला सांग ना!" कुंडीतून आवाज आला. "कधीचा उभा आहे मी इथं."

चुडामणच्या हातातला दोर गळून पडला.

आता कसली लाज! लीला काठावर पालथी पडली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "श्रीकांत!"

"आलो गं!" खालून उत्तर आलं.

सदरा पिळणाऱ्या माणसानं मान वर केली.

"श्रीकांत कोण गं?" त्यानं विचारलं.