दोन बोटं ढील

आमच्या घरात तीन माणसं आणि साधारण चारशे टाय राहतात. जागा टायांना जास्त आहे. पुढच्या खोलीत कापायचं टेबल, आईची खुर्ची आणि भिंतभर टाय अडकवायचे आकडे; मागच्या खोलीत आम्ही, जमेल तसे. आई टाय शिवते. मी शेवटचा हात फिरवतो, म्हणजे इस्त्री करणं, सुटे दोरे कापणं आणि दुसऱ्यांच्या टायांना नावं ठेवणं. दादा आमच्याकडचा टाय बांधून ऑफिसात जातो. घरातलं गिऱ्हाईक ते एकच, तेही फुकटं.

टाय पारखायचा तर बारकं टोक धरून लोंबता सोडावा. कापड उरेप, म्हणजे तिरकं, कापलेलं असेल तर तो सरळ लटकतो. कापड वाचवायला उभं कापलं असेल तर पीळ खाऊन फिरतो, लग्नात ओळखीचं कुणी दिसतंय का बघणाऱ्या पाहुण्यासारखा. आत लोकरीची पट्टी असते. ती हलकी असली की गाठ मेलेल्या उंदरासारखी बसते. पण टायचा खरा जीव पाठीमागच्या धाग्यात. एकच लांब धागा, हाताने घातलेला सैल धावदोरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. बारक्या टोकाशी आई त्याचा दोन बोटं मावतील एवढा वळसा मोकळा सोडते आणि अस्तराखाली लपवते. टाय बांधताना ताणला गेला की त्या वळशातून धागा पुरतो, सोडला की मागे येतो. वळसा नसेल तर धागा आठवड्यात तुटतो.

"ढील लागतेच," आई म्हणते. "धाग्यात नाही मिळाली तर दुसरीकडून घेतो तो."

दुसरीकडून म्हणजे कापडातून, असं मी धरून चाललो होतो.

दादाला नोकरी लागली तेव्हा आईने त्याच्यासाठी गडद निळा टाय शिवला. पहिल्या दिवशी तो बूट घालून दारात उभा, मी शेवटची इस्त्री फिरवतोय, आणि त्या टायच्या टोकातून वळसा बाहेर डोकावत होता. जीभ दाखवल्यासारखा. आत ढकलला, पुन्हा बाहेर. दादा म्हणाला, साहेबाने पहिल्याच दिवशी उशिराबद्दल विचारलं तर काय सांगू, भाऊ टायशी भांडत होता? मी वळसा कात्रीने कापला आणि धाग्याला घट्ट गाठ मारली. तुटला तर तुटेल, आई पुन्हा शिवेल. आईने आतून विचारलं, वळसा नीट आत घातलास ना? मी हो म्हटलं.

आठवडा गेला. धागा तुटला नाही. महिना गेला. मी रोज संध्याकाळी टाय आकड्याला लावताना टोक चाचपून बघायचो. गाठ तशीच, धागा वाजेल इतका ताठ. कापडावर एक चुणी नाही. मला आमच्या कामाचा अभिमानच वाटला.

दादा आधी ऑफिसातून आला की खुर्चीत पोत्यासारखा पडायचा. आता ताठ बसायला लागला. आळस देईना, जांभई देईना. मी म्हटलं, साहेब होणार वाटतं. तो हसला, पण हसू अर्ध्यात अडकलं, फाटक उघडताना खाली दगड यावा तसं. मग एकदा कपाटावरचा डबा काढायला त्याने स्टूल घेतलं. आमच्या घरात स्टूल मला लागायचं, त्याला कधीच नाही. त्याच आठवड्यात आईने त्याच्या पँटची शिलाई एक बोट वर दुमडली. धुलाईत वाढली म्हणाली. कपडे धुतल्यावर आटतात, हे तिनेच मला शिकवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी टाय मोजला. शिवला तेव्हा अठ्ठावन्न इंच होता. आता साठ भरला.

आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर आम्हा दोघांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. शेवटची दादाची, नोकरीला लागला त्या दिवशीची, गंमत म्हणून केलेली. मी त्याला तिथे उभं केलं आणि डोक्यावर पट्टी ठेवली.

"पट्टी नीट धर," तो म्हणाला.

मी नीट धरली. तिसऱ्यांदा धरली. खूण पट्टीच्या दोन इंच वर होती.

त्याने खुणेवर बोट टेकवलं. "मला वाटायचं," तो म्हणाला, "ऑफिसात माझं टेबल कुणीतरी रोज थोडं उंच करून ठेवतंय."

दुसऱ्या दिवशी त्याला दुसरा टाय दिला. निळा आकड्यावरच राहिला. दुपारी मी आणि आई काम करत होतो, खिडक्या बंद होत्या, आणि निळा टाय फिरला. सावकाश, अर्धा वळसा घेऊन थांबला. उरेप कापलेला टाय फिरत नाही. मी तो सरळ केला. तासाभराने तो परत तसाच होता, रुंद तोंड रस्त्याकडे करून. दादाचं ऑफिस त्याच बाजूला आहे. त्या संध्याकाळी दादा परत आला आणि त्याच्या शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या.

मग मी आईला सांगितलं. वळसा, कात्री, गाठ, सगळं. ती रागावली नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण कापड एक सूत वाकडं कापलं तरी ती दोन दिवस बोलत नाही.

उपाय तिच्या दृष्टीने सरळ होता. गाठ उसवायची, जुना धागा एका दमात ओढून काढायचा, नवा घालायचा, दोन बोटं ढील ठेवून. अशी दुरुस्ती तिने शेकड्यांनी केली होती. सकाळची वेळ, उजेड भरपूर. दादा मागच्या खोलीत बुटांना पॉलिश करत होता. ब्रशचा आवाज येत होता.

आईने गाठ उसवली. धागा सुईवर घेऊन ओढला. वीतभर आला.

ब्रश थांबला.

"आई, हळू."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"काय झालं रे?" तिने विचारलं.

"माहीत नाही. तू काय करतेयस?"

तिने अजून थोडा ओढला. आत बूट जमिनीवर पडला.

"आई, नको," दादा म्हणाला. दाताच्या डॉक्टरशी बोलावं तसा, शांतपणे, तोंड न हलवता.

आईने धागा सोडला.

ओढलेला धागा परत आत घालता येत नाही. तरी आईने बोथट सुईने प्रयत्न केला. आत दादा खोकायला लागला, तेव्हा तेही सोडलं.

आता टाय त्याच्या आकड्यावर आहे. दीड वीत धागा खाली लोंबतो. आई त्या भिंतीच्या बाजूने जात नाही आणि मला जाऊ देत नाही. आम्ही पंखा लावत नाही. उन्हाळ्यातसुद्धा नाही. गिऱ्हाईक आलं की दार हळू लावा म्हणतो, लोकांना वाटतं कुणीतरी आजारी आहे. दादा अजून कामावर जातो. ऑफिसात त्याच्या पायाखाली लाकडी खोकं दिलंय. साहेब चांगला माणूस आहे, काही विचारत नाही. आई दादाच्या पट्ट्याला भोकं पाडते. खुणा करणं आम्ही बंद केलं. तशीही तो दाराशी उभा राहिला की कळतंच.

रोज सकाळी निघताना तो भिंतीकडे पाठ करून उभा राहतो आणि मला विचारतो, "धाग्याचं टोक कुठे आहे?"

"तिथेच," मी म्हणतो. वळशाच्या वेळी हो म्हणालो होतो, त्याच आवाजात.

धागा कुणी ओढत नाही. पहिल्या आठवड्यात तो टेबलाच्या वरच्या कडेला होता. मग टेबलाच्या पायांच्या मध्यावर. आज सकाळी जमिनीला टेकला. दादाने विचारलं, मी तिथेच म्हणालो, तो हळू दार लावून गेला. मग मी वाकून पाहिलं. टोक जमिनीवर स्वतःभोवती फिरून थांबलंय. छोटासा वळसा झालाय, दोन बोटं मावतील एवढा.

मी घालून पाहिली नाहीत.