एकादशीचा भात

सकाळी उठल्यावर यज्ञेश्वर आधी वजनकाट्यावर उभा राही, मग दिवसभराचे पाणी तांब्याच्या लोटीत मोजून घेई. संध्येचे आचमनही त्यातूनच. काशीत दूधविनायकाच्या पाठशाळेत वेद शिकवणारा हा तिशीचा तरुण मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून असा जगत होता. जिन्यातून थोरला भाऊ काशीनाथ ओरडून वजन विचारी. यज्ञेश्वर ते सांगे आणि डायलिसिसला निघे.

एके दिवशी शेजारच्या खाटेवरून मराठी ऐकू आले. "अहो, ही उशी जरा सरकवता? माझ्या हातात सुया आहेत."

"माझ्याही."

"तुमचा उजवा मोकळा, माझा डावा... जमेल आपलं."

ती शरदिनी, नागपूरची. बँकेच्या बदलीने काशीत आलेली. त्यानंतर यज्ञेश्वरला डायलिसिसचे ते चार तास लांब वाटेनासे झाले.

तरीही एकादशीला तो गेला नाही. घरी उकडलेले बटाटे, केळी, नारळपाणी झाले. उपवासाचे म्हणजे हलकेच, या समजुतीने आईने वाढले. यातल्या पोटॅशियमने आपले हृदय थांबू शकते, त्यापेक्षा साधा भात बरा, हे त्याला ठाऊक होते. तरी तो जेवला. पुढच्या खेपेस तो धापा टाकतच पोहोचला.

"पुण्य जमवत होता की पोटॅशियम?" शरदिनीने विचारले.

"ओरडा तुम्हीही. घरी सगळे डागदरच आहेत!"

"ओरडत नाही. का केलंत, ते विचारतेय."

तो छताकडे पाहत राहिला. "पाणी मशीन ठरवतं, मीठ आई, झोप काशीनाथदादा. एकादशी तेवढी माझी. त्या दिवशी मी पेशंट नसतो... वैदिक असतो."

ती म्हणाली, "रिकामी खाट पाहून वाटलं, गेलात. इथं कुणी सांगत नाही हो. चादर बदलतात, बस्स."

"तुम्हांला इतकं —"

"हो. इतकं." तिने नजर वळवली नाही. "पुढची एकादशीही तुमचीच. तुम्हीच ठरवा. मी विचारणार नाही."

पुढच्या एकादशीला यज्ञेश्वरने स्वतः तांदूळ धुतले.

"अरे, आज?" आईचा हात कपाळाशी गेला.

"आजच."

जन्मात प्रथमच त्याने एकादशीला भात खाल्ला. थोडा, तूप घालून, सावकाश. आई पाठ फिरवून बसली होती. तिला नमस्कार करून तो बाहेर पडला.

शरदिनी आधीच आलेली होती. कबूल केल्याप्रमाणे तिने काही विचारले नाही; फक्त डोळे मिटून घेतले. शेजारच्या खाटेवर आडवे होत यज्ञेश्वरने बाही वर सारली.

"सिस्टर," तो म्हणाला, "सुई लगाइए."