गर्भ क्रमांक एकशे सत्त्याऐंशी

शहापूरच्या हायवेलगतच्या त्या सोनोग्राफी केंद्राची बातमी मी का छापली नाही, असं तुम्ही विचारता. एकतीस वर्षांत मी स्वतःहून दाबलेली ती एकच बातमी. काय झालं तेवढं सांगतो.

मे महिना, सकाळचे अकरा. ममताबाईंना मोटारसायकलवर मागे बसवून मी तिथं गेलो. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नवरा आता त्याच पाण्यात मासे धरतो. नऊ वर्षांपूर्वी एका संस्थेनं याच केंद्रात त्यांच्या नव्या वस्तीतल्या गर्भार बायकांची सोनोग्राफी केली. पोटातल्या बाळाचं मूत्रपिंड किती वाढतं, त्यावरून मोठेपणी रक्तदाब जडेल का, हे शोधायचं होतं. म्हणून पुढे मुलांनाही दरवर्षी तपासणीला बोलावत. बायकांना मिळाला एकेक स्टीलचा डबा. अहवाल एकीलाही नाही. धरणवाल्यांनी जमीन मोजून नेली, यांनी गर्भ मोजून नेले.

ममताबाईंची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. नावही ठेवलं नव्हतं. तरी दर मे महिन्यात पत्र येई : क्रमांक १८७, तपासणीला आणा.

"नाव कापून टाका म्हना त्याईले," बाई वाटेत म्हणाल्या. "पत्र आलं का माया हातचं काम सुटते जी."

माझा हेतू वेगळा होता. संस्थेच्या नोंदवहीची प्रत मी मिळवली होती. १८७ समोर दरवर्षीची उंची, वजन, रक्तदाब. न जन्मलेल्या पोरीचा रक्तदाब! सरळ पहिल्या पानाची बातमी.

केंद्रात कैलाश नावाचा तंत्रज्ञ एकटाच होता. आतल्या खोलीत भर दिवसा अंधार, जेलीचा गार, गोडसर वास. मी नोंदवहीची प्रत त्याच्यापुढे आपटली.

"हे आकडे कुठून काढले?"

"मोजून, साहेब."

"ही मुलगी जन्मलीच नाही."

"आमाले नावगाव सांगत नाहीत, साहेब. मापात फरक पडू नाही म्हणून. मी नंबर पुकारतो, मोजतो."

"कोणाला मोजतोस?"

तो यंत्राच्या पडद्याकडेच पाहत राहिला. "दोन वर्षं झाले... या नंबरच्या वेळी मी टेबलाकडं पाहात नाही."

"वा! मग आज आमच्यासमोर मोज. पाहू तरी तुझी जादू."

"काहून चेष्टा करून राहिले गा, भाऊ?" ममताबाई मला म्हणाल्या. "कागद घ्या अन् चला."

नाव काढण्याचा अर्ज त्यांच्या हातात होता. सही तेवढी बाकी होती. पण तोवर कैलाशनं दार उघडून १८७ नंबर पुकारला होता. कोणी आत आलं नाही. कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

त्यानं पोटावर फिरवायच्या प्रोबला जेली लावली, मान वळवली आणि हात खाली नेला. टेबलाच्या वीतभर वर, हवेत, हात थांबला. तिथं काहीतरी टेकल्यासारखा.

पडदा राखाडी झाला. घेवड्याच्या दाण्यासारखा एक आकार त्यात श्वासागणिक हळूहळू वरखाली होत होता.

"श्वास धर," कैलाश म्हणाला.

आकार थांबला.

त्यानं दोन टोकांवर खुणा केल्या, माप लिहिलं. ममताबाई पुढे सरकल्या होत्या. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"बरी हाये का...?"

"डाव्या बाजूचं मूत्रपिंड लहान आहे." तो नेहमीच्या सवयीनं बोलला असावा. "जेवणात मीठ कमी द्या."

बाईंनी अर्जाची घडी घातली, कमरेला खोचली. "राहू द्या नाव," म्हणाल्या, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

कैलाशनं प्रोब पुसला, स्टँडला अडकवला. आता पडदा काळा व्हायला हवा होता. झाला नाही. चित्र गोठवलेलंही नव्हतं. कोपऱ्यात सेकंद पळत होते. चाळीस. एकेचाळीस. आकार जागच्या जागी, ताठ.

"कैलाश... तू 'श्वास सोड' म्हणाला नाहीस."

तो दाराकडे मागे सरकला.

पन्नास.

"सोड, बाळा," मी म्हणालो.

पडद्यावर तो आकार अलगद वर सरकला.