खारवलेलं गिऱ्हाईक

मी त्याच्या पाठीवर मीठ फेकलं, आणि आमची ओळख झाली.

आता यात माझी काय चूक? पहाटेची वेळ, जुकदो बाजारातले दिवे नुकते लागलेले, बंदरावरून डिझेलचा आणि समुद्राचा वास घेऊन येणारा गार वारा... आणि आमच्या गाळ्यावर दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. मासळीबाजारात पांढरेशुभ्र बूट घालून आलेला, माझ्याच वयाचा एक मुलगा. त्याने टाकीतल्या सगळ्यात मोठ्या ऑक्टोपसकडे बोट दाखवलं, भाव विचारला, "बापरे, फारच महाग आहे," असं पाठ केल्यासारखं म्हणाला आणि सरळ चालू लागला.

बोहनीच्या आधी! पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून रिकाम्या हाताने गेलं की दिवस बुडाला, हे आमच्या पोहांगमधल्या मांजरांनाही ठाऊक आहे. त्यावर उपाय एकच – जाणाऱ्याच्या मागे मूठभर खडेमीठ.

आणि तो दिवस बुडून मला मुळीच चालणार नव्हतं. आईचं मनगट प्लास्टरमध्ये होतं आणि सुगीचा सण तोंडावर. सणाला घरोघर पूर्वजांच्या ताटात उकडलेला ऑक्टोपस लागतो, आणि गाळ्यांच्या अख्ख्या रांगेत आमच्यासारखा कुणी उकडत नाही. (हे मी म्हणत नाही, रांग म्हणते. बरं, मीही म्हणते.) आईने आदल्या संध्याकाळी सांगून टाकलं होतं, उद्याचा पहिला ऑक्टोपस तू उकड. ताटात ठेवण्याजोगा झाला तर सणभर गाळा तुझा. नाही जमला तर दुसऱ्या कुणाला तरी चालवायला देते.

दुसऱ्या कुणाला तरी! आजीने एका फळीवर सुरू केलेला गाळा!

म्हणून मीठ जरा जोरातच गेलं.

तो वळला. केसांत मीठ, कॉलरमध्ये मीठ, आणि डाव्या पापणीवर अडकलेला एक खडा दिव्यात लुकलुकत होता. माझं लक्ष नेमकं तिथेच का जावं, देव जाणे.

"तुम्ही मला... खारवलंत?"

"तुम्ही बोहनी न करता निघालात."

"माझ्या आजीने शिकवलं होतं. भाव विचार, महाग म्हण आणि चालू लाग. ते आपणहून हाक मारतील."

"दुपारी मारतो की हाक. पहाटे मीठ मारतो."

मागे खुर्चीत गोधडी पांघरून बसलेली आई म्हणाली, "बोराम, खारवायची ती मासळी. गिऱ्हाईक नव्हे."

शेजारची सुकटवाली मावशी इतकी हसली की तिच्या हातातली सुक्या माकुळांची माळ खाली पडली. आणि तोही हसला... मान खाली घालून, कॉलर झटकत.

त्याचं नाव चानसोल. जन्म राजधानीतला, सोलमधला, वाढलाही तिथेच. आज त्याच्या आजोबांचं श्राद्ध होतं आणि सगळ्या आत्या जमल्या होत्या. सोलच्या पोराला ऑक्टोपस आणि छत्री यांतला फरक तरी कळतो का, म्हणून त्यांनी रात्रभर त्याची चेष्टा केली होती. तेव्हा तोच आणतो म्हणाला होता. सगळ्यात चांगला.

म्हणजे परीक्षा दोघांचीही होती. एकाच ऑक्टोपसवर.

मी बाह्या सरसावल्या. टाकीतून तो दांडगा प्राणी उचलला आणि चानसोलला म्हटलं, जरा घमेलं धरा. त्याने धरलं, आणि ऑक्टोपसने त्याचं मनगट धरलं. तो बिचारा ओरडला नाही. फक्त पांढरा पडला, बुटांसारखा.

"ओढू नका. तो आणखी आवळतो." मी त्याचा हात हातात घेतला आणि एकेक चोषक अलगद सोडवू लागले... टक्, टक्, टक्. मागच्या वर्षीपर्यंत शाळेत जाण्याआधी मी लिंबाने हात घासत असे, वास येऊ नये म्हणून. त्या क्षणी मला माझे हात फार आवडले. काय नेमकं करायचं ते त्यांना माहीत होतं. त्याच्या मनगटावर गोल गोल लाल ठसे उमटले, बांगडी भरल्यासारखे.

"सुंदर आहे," तो म्हणाला. ठशांकडे बघत नव्हता.

मग पातेलं. पीठ लावून चोळलेला, धुतलेला ऑक्टोपस डोक्याला धरून उकळत्या पाण्यात पाय तेवढे बुडवायचे, उचलायचे, परत बुडवायचे. पाय सारखे वळले तर फूल होतं. एकही तुटला किंवा आत मुडपला तर तो ताटातून बाद. वाफेने माझ्या डोळ्यांसमोर धुकं केलं. उचलला – आणि एक पाय आत दुमडलेला.

आई खुर्चीत पुढे सरकली. तिची नजर मला पाठीवर जाणवत होती. चानसोलने रिकामं घमेलं छातीशी धरलं होतं.

मी घाई केली नाही. आईच्या लोखंडी आकड्याच्या टोकाने तो पाय हळूच बाहेर काढला, पाण्याला टेकवला, थांबले... आणि तो वळला. इतरांसारखाच, बाहेर, पाकळीसारखा. थोड्या वेळाने टोपलीत आमचा ऑक्टोपस बसला होता – लालजांभळा, ताठ, दरबारात बसल्यासारखा.

आई उठली, भोवती फिरली, वाकून पाहिलं. मला म्हणाली, "आकडा धुऊन ठेव, आता तुझाच आहे." आणि सुकटवाल्या मावशीला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्या बोरामने उकडलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाळा उघडते तर समोर पांढरे बूट. आता तितकेसे पांढरे नव्हते.

आत्यांनी ताटाभोवती गर्दी केली म्हणे. मोठ्या आत्याने विचारलं, कुठल्या घरचा? "मी म्हटलं, बोरामच्या घरचा," तो म्हणाला. "सोलची गाडी आहे थोड्या वेळात. आज मी काही विकत घेणार नाहीये."

"बोहनीच्या आधी?"

"हो." त्याने माझ्याकडे पाठ केली, मान झुकवली आणि कॉलर ओढून धरली. "मीठ टाक. पण आधी ऐक... मला तू आवडतेस. सणाला परत येईन. त्यानंतरही येईन."

अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

माझी मूठ मिठात होती. मी ती उघडली, एप्रनला पुसली, आणि पुढे होऊन त्याच्या हातात माझा हात दिला. ठसे अजून फिकट फिकट दिसत होते.

"आमच्या गाळ्यावरून पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही," मी म्हटलं.

गोधडीतून आईचा आवाज आला, "बोराम, भाव पाडू नकोस."

"नाही पाडला, आई," मी म्हटलं.