माफीखोर कुकर आणि कुरामित्सुसाहेबांचा शिक्का

कुरामित्सुसाहेब ओसाकातल्या त्या छोट्या ऑफिसात शिरले ते बगलेत भाताचा कुकर घेऊनच.

ऑफिस शिगेकोबाई हानावांचं. बाई आता खासगी तपासाची कामं घेत, पण त्याआधी तीस वर्षं त्यांनी निरनिराळ्या कंपन्यांत साहेबलोकांना चहा नेऊन दिला होता. चहा देणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही, आणि तिला मात्र सगळं दिसतं. त्यांचे सोबती तोकुमारू हे निवृत्त पोलीस. माणूस सोन्यासारखा. डोकं जरा सावकाश चाले, भूक मात्र अगदी वेळेवर लागे.

"भात आणलात?" तोकुमारूंनी आशेने विचारलं.

"पुरावा आणलाय." साहेबांनी वायर लावून बटण दाबलं.

"माफ करा. चूक माझी आहे," कुकर म्हणाला.

"कसली चूक?" शिगेकोबाईंनी विचारलं.

"कसलीच नाही हो! तेच तर!" साहेब धपकन खुर्चीत बसले. "भात करपला तर याने माफी मागायची, अशी कल्पना होती. पण हा मेला उठता-बसता माफी मागतो. गिऱ्हाइकांना वाटतं, भातात काही भलतंच पडलंय. पन्नास हजार कुकर परत आलेत."

छत्तीस वर्षं ते कुनिमोरी कंपनीत होते. हातात तारांना डाग द्यायची कांडी घेऊन लागले आणि आज भातकुकर विभागाचे प्रमुख झाले होते. त्यांनी चौदा नव्या प्रकारचे कुकर काढले, त्यातल्या एकानेही कधी तोंड उघडलं नव्हतं.

"याला माझा पहिल्यापासून विरोध होता. आणि आता मंजुरीच्या कागदावर सहीच्या जागी माझा शिक्का निघाला! चार वाजता संचालकांची बैठक आहे. मंजुरी माझी ठरली की मला उत्तरेकडच्या बेटावरच्या गोदामात पाठवणार. खिडकीजवळ खुर्ची, आणि टेबलावर कामाचा एक कागदसुद्धा नाही. माझा पंधरावा कुकर अर्धा झालाय हो!"

"शिक्का नकली आहे का?" बाई म्हणाल्या.

"माझाच आहे. पण मी मारला नाही. कागदावर जी तारीख आहे, तेव्हा मी तीन दिवस सप्पोरोला होतो. शिक्का ड्रॉवरमध्ये होता, आणि किल्ली माझ्या गळ्यात." त्यांनी खिशातून शिंगाची बोटभर कांडी काढली. "ही बाजूची खाच मीच कोरलीय. तिच्यात बोट ठेवायचं आणि डोळे मिटून मारायचा. हवा तसाच उमटतो."

"पण पन्नास हजार कुकर तयार होईपर्यंत गप्प कसे बसलात?"

"वाटलं, वरच्यांनी परस्पर ठरवलं. वरच्यांनी ठरवलं की आपण काय बोलणार? कागदाचं या आठवड्यात कळलं."

"म्हणजे थोडी चूक तुमचीही आहे."

"माफ करा," साहेब आणि कुकर एकदमच म्हणाले.

शिगेकोबाईंनी साहेबांनी आणलेला मंजुरीचा कागद समोर धरला. एका ओळीत तीन चौकटी होत्या. डावीकडे सर्वांत वरच्या माणसाची, म्हणजे संचालक हाताकेदांची. मधे कुरामित्सुसाहेबांची, आणि उजवीकडे त्यांच्या हाताखालच्या नुकायांची. तीन गोल लाल छाप. पहिले दोन ताठ, तिसरा डावीकडे कलंडलेला.

"तिसऱ्याने घाबरून मारलाय," तोकुमारू म्हणाले. "धरा त्याला!"

"आधी चहा घ्या," बाई म्हणाल्या.

कंपनीत गेल्यावर बाईंनी भेटीची नोंद म्हणून एक चौकटींचा कागद पुढे केला. जो बोलेल त्याने त्यावर शिक्का मारायचा.

पहिल्या आल्या साहेबांच्या सेक्रेटरी, इरिएबाई.

"ड्रॉवर उघडणार कसा? किल्ली साहेबांच्या गळ्यात. अंघोळीच्या वेळीसुद्धा!"

"तुम्हांला कसं ठाऊक?"

"त्यांच्या मिसेसनी सांगितलं. तक्रार म्हणून." इरिएबाईंनी ठसक्यात शिक्का मारला. तो जरासा डावीकडे झुकला.

मग नुकाया आले, कपाळ पुसत. "मी कागदावर शिक्का मारून वर पाठवला. तेव्हा बाकीच्या चौकटी रिकाम्या होत्या, शप्पथ!"

"कुरामित्सुसाहेब गेले की खुर्ची तुमचीच ना?"

"हो. म्हणजे, नको! या कुकरनंतर त्या खुर्चीत कोण बसेल?" त्यांचा शिक्का इतका कलंडला की जवळजवळ आडवाच झाला.

संचालक हाताकेदांची खोली मोठी होती. ते किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत बसले होते.

"कुरामित्सु माणूस चांगला, पण विसराळू. मारला असेल आणि गेला विसरून! त्याला मीच घडवला हो. तो बसतो ते टेबलसुद्धा माझंच. नऊ वर्षं मी बसलो तिथे."

"किल्ल्या बऱ्याच आहेत."

"माझी वस्तू मी टाकत नाही, बाई." त्यांनी शिक्का उलटा करून त्याचं तोंड बघितलं, नीट जुळवला आणि दाबला. छाप खांबासारखा ताठ उभा राहिला.

शेवटी कुरामित्सुसाहेबांनी मारला. तोही डावीकडे झुकला.

बाहेर आल्यावर तोकुमारू वैतागले. "एवढी मोठी कंपनी, आणि सरळ शिक्का मारता येणारा माणूस एकच!"

शिगेकोबाई थबकल्या. "तोकुमारू, तुम्ही चोर पकडलात."

"मी? केव्हा?"

चार वाजता बैठक भरली. मधोमध थोरल्या बाई, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, वय वर्षं चौऱ्याऐंशी. पुढ्यात पुराव्याचा कुकर. तोकुमारूंनी त्यात हळूच तांदूळ टाकून ठेवले होते. एका भिंतीशी कुरामित्सुसाहेबांचं अख्खं टेबल. ते जिन्यावरून आणताना नुकायांची कंबर धरली होती.

"आपल्याकडच्या कंपन्यांत वाकडा शिक्का म्हणजे गबाळेपणा नाही," शिगेकोबाई म्हणाल्या. "डावीकडे वरच्या साहेबांची चौकट असते. म्हणून खालचे आपला शिक्का डावीकडे झुकवतात. कागदावरही साहेबांना नमस्कार! नियमात कुठे लिहिलेलं नाही. पण मी तीस वर्षं चहा ठेवता ठेवता हेच पाहिलंय."

नुकायांनी बसल्या बसल्या मान खाली घातली.

"इरिएबाई झुकतात. नुकाया तर लोळतातच. यांनी साहेबांचा शिक्का चोरून मारला असता, तरी वरच्या चौकटीकडे तो सवयीने झुकवलाच असता. मंजुरीच्या कागदावर मात्र कुरामित्सुसाहेबांचा शिक्का ताठ उभा आहे. संचालकांच्या शेजारी, बरोबरीने!"

"घाईत पडला असेल सरळ," हाताकेदा म्हणाले.

"तोकुमारू, डोळे मिटा. खाचेत बोट ठेवा आणि मारा कुरामित्सुसाहेबांचा शिक्का."

तोकुमारूंनी मारला. छाप डावीकडे छान झुकला.

"साहेबांनी खाचच तशी कोरलीय. घाई केली तर हा वाकतोच. तो सरळ करायचा तर तोंड बघून मुद्दाम फिरवावा लागतो. म्हणजे ज्याला वाकडा शिक्का बघवतच नाही, अशा माणसाचं हे काम. त्याचं वाकणं कधीच सुटलंय. आज शिक्का जुळवून मारणारे तुम्ही एकटेच होतात, हाताकेदासाहेब. तुमच्या जुन्या टेबलाला तुमच्या जुडग्यातली एखादी किल्ली लावून बघू?"

हाताकेदांनी जुडगा मुठीत आवळला. थोरल्या बाईंनी नुसता हात पुढे केला. चौथी, पितळेची किल्ली लागली. ड्रॉवर उघडला.

"कल्पना माझी होती," हाताकेदा पुटपुटले. "हा अडून बसला होता. कुकर चालला असता तर नाव माझंच झालं असतं, आणि..."

"आणि पडला तर याचं," थोरल्या बाई म्हणाल्या. "आता बोला, काय बोलायचं ते."

हाताकेदा आपला टाय सरळ करत राहिले.

"माफ करा," कुकर म्हणाला. "चूक माझी आहे."

"बघा! शिका काहीतरी त्याच्याकडून!" थोरल्या बाई कडाडल्या.

तेव्हा कुठे हाताकेदा उठले आणि कुरामित्सुसाहेबांपुढे कमरेतून वाकले. गोदामात कोण जाणार, ते कुणी विचारलं नाही. तोकुमारूंनी कुकरचं झाकण काढलं आणि ते बाऊल शोधायला लागले.

थोरल्या बाईंनी एक कोरा कागद मागवला. "कुरामित्सु, तुमचा पंधरावा कुकर. मंजूर. मारा शिक्का. आणि सरळ मारा. वाकलेल्यांनी गप्प राहून माझे पन्नास हजार कुकर बुडवलेत."

कुरामित्सुसाहेबांनी शिक्का घेतला. सवयीने बोट खाचेत गेलं. त्यांनी ते काढलं. चष्मा लावला, शिक्क्याचं तोंड बघितलं, नीट जुळवला आणि दाबला.

छाप ताठ उभा राहिला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा! साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि सवय कुठे जाते, ते त्या शिक्क्यालाच वाकून नमस्कार करून बसले.