येतो हां, चष्मिश

आकांक्षाने त्याचा पहिल्याच दिवशी जीव घेतला, आणि तोही एका शब्दाने.

झालं असं की, ‘नोव्हा गार्ड’ नावाची अंतराळातल्या गोष्टींची मोठी गेम-मालिका आहे ना, तिच्यातूनच ‘विंगमेट’ हा नुसत्या लढाईचा ऑनलाइन गेम निघाला होता. पहिल्यांदा खेळायला बसलं की गेमच कायमचा जोडीदार ठरवून देणार; दोघांची दोन यानं, आणि एकाने दुसऱ्याची पाठ सांभाळायची. त्या संध्याकाळी प्रभादेवीच्या आकांक्षाला जो जोडीदार मिळाला त्याने नाव घेतलं होतं ‘घोडपदेव एक्सप्रेस’. वाचून ती खुदकन हसली. तिचं स्वतःचं नाव तरी काय मोठं, ‘चष्मिश’!

लढाई ऐन रंगात आली आणि आईने जेवायला हाक मारली. “येते हां,” असं माइकमध्ये म्हणून ही बाई हेडफोन काढून उठली.

दुसऱ्या दिवशी तो वाटच बघत होता. “काय गं चष्मिश! येते म्हणालीस म्हणून मी तिथेच थांबलो ना! चौघांनी घेरून भुगा केला माझा!”

“अरे, निघताना ‘येते’च म्हणतात! ‘जाते’ म्हटलं असतं तर आईने लाटणं फेकून मारलं असतं.”

“मला वाटलं, मदतीला येतेयस...”

“आणि तू थांबलास?”

“मग! येते म्हणालीस ना.”

आकांक्षा हसली खरी, पण पोळीला तूप लावतानाही तिच्या कानात तेच — येते म्हणालीस ना.

मग रोजचंच झालं. जेवणाआधी तासभर दोघं अंतराळात. मधूनच आई विचारायची, “कोणाशी बोलतस गो?” आणि ही म्हणायची, “गेम आहे गं.” आवाज मात्र उगाचच हळू व्हायचा.

एकदा त्याने गमतीत नंबर मागितला. आकांक्षाचा स्वभाव आधीच फटकळ. ती फाडकन म्हणाली, “इथे लढायला आलोय, नंबर वाटायला नाही!” तो “बरोबर आहे,” म्हणाला आणि पुन्हा कधी मागितलाच नाही. नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. इतकंही ऐकायचं असतं का कोणी, सांगा बघू!

लांबचं शत्रूचं यान मात्र त्याला कधी दिसायचं नाही. “कुठाय? दिसत नाय!” हे त्याचं ठरलेलं.

“तुला चष्मा लागलाय,” ती एकदा म्हणाली. “मी दादरला चष्म्याच्या दुकानात डोळेच तपासते. मला कळतं.”

“मग तपास ना माझे.”

“इथून?” ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली. बरं झालं, गेममध्ये तोंड दिसत नाही.

आणि एक दिवस पडद्यावर सूचना आली. खेळणारे कमी झाले म्हणून कंपनी गेम बंद करणार. सोमवारी, संध्याकाळी सहाला.

आकांक्षाने सूचना दोनदा वाचली. त्याचा नंबर नाही, खरं नाव नाही. घोडपदेवच्या चाळींत जाऊन विचारणार तरी काय, ‘अहो, ते यान चालवणारे कुठे राहतात?’ नंबर आता तिनेच द्यायला हवा होता. आठवडाभर रोज ठरवायची आणि रोज गिळून टाकायची.

दादरची दुकानं सोमवारी बंद, म्हणून शेवटच्या दिवशी ती दुपारपासूनच बसली. लढायला समोर कोणी उरलंच नव्हतं. दोघांची यानं नुसती शेजारी शेजारी तरंगत होती.

“चष्मिश...”

“हं?”

“काही नाय.”

कोपऱ्यातले सेकंदांचे आकडे भराभर उतरत होते. ऐंशी... पन्नास... दहा... तिने श्वास घेतला. “ऐक ना, मला ना — तुला एक —”

“येतो हां, चष्मिश,” तो म्हणाला.

पडदा काळा झाला.

येतो! निघताना सगळे म्हणतात तसंच. तिनेच तर त्याला शिकवलं होतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. ती रोज त्याच वेळेला गेम उघडायची, ‘संपर्क होऊ शकत नाही’ हे वाचायची आणि बंद करायची. सरळ सांगायचं तर पोरगी प्रेमात पडली होती, आणि ते तिला गेम बंद पडल्यावर कळलं होतं. ज्याचं तोंडही पाहिलं नाही त्याच्यासाठी असं झुरावं, याचा तिला रागही येत होता.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी काउंटरवरच्या दीपिकाने एक पेशंट आत पाठवला. आकांक्षा खाली मान घालून लिहीत होती. दिवा मंद करत ती सवयीने म्हणाली, “समोरची शेवटची ओळ वाचा.”

“ग... म... आणि पुढचं — दिसत नाय.”

तिच्या हातातलं पेन थांबलं.

वळून पाहिलं तर सावळा, उंच, घामाघूम झालेला मुलगा. हातात कागदांची चळत. तिच्याकडे बघून हसतोय की घाबरलाय, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

“हे आठवं दुकान,” तो म्हणाला. “रोज काम सुटलं की एक. सात ठिकाणी डोळे तपासून झाले. सगळे सांगतात, चष्मा लागलाय.”

“तू... कशाला...”

“येतो म्हणालो होतो ना.”

“अरे वेड्या, ते निघताना म्हणतात!”

“मी आपला येतो म्हटलं की येतो.”

डोळे पुसावेत तर तो बघतोय. तिने घाईघाईने फॉर्म पुढे ओढला.

“नाव?”

“संघर्ष.”

“मोबाइल नंबर?”

तो ताठ बसला. “मॅडम, इथे डोळे तपासायला आलोय, नंबर वाटायला नाही.”

“लिही मुकाट्याने!” ती रडता रडता हसली आणि पेन त्याच्या हातात कोंबलं. त्याने नंबर लिहिला, पण पेन परत देताना सोडलंच नाही. आणि तिनेही ते ओढलं नाही.