गाळलेल्या नऊ ओळी

नऊ ओळी पुस्तकात नव्हत्या, आणि तरीही थाएसीनं त्या स्पष्ट ऐकल्या.

ताकोना गावच्या ख्रिस्ती मंडळीत, बायकांच्या बाजूला, ती मागच्या भिंतीला टेकून बसली होती. खिडकीतून कालव्याच्या गाळाचा ओला वास येत होता. समोर एक उंच, सावळा तरुण उभा राहून वाचत होता, आणि त्याच्या हातातलं पुस्तक थाएसीनंच लिहिलं होतं. नगरात वडिलांच्या मागे पुस्तकांच्या नकला उतरवण्याचं काम तीच चालवायची. मागच्या महिन्यात तिनं हे पुस्तक गावाला पाठवलं, मग सवयीनं आपल्या ओळींचा हिशेब मूळ प्रतीशी ताडून पाहिला. नऊ ओळी कमी!

उधळ्या मुलाच्या गोष्टीत त्या मुलाचं एक वाक्य दोनदा येतं. आधी तो ते मनाशी ठरवतो, मग बापासमोर म्हणतो. लिहिताना थाएसीची नजर पहिल्यावरून घसरून थेट दुसऱ्यावर गेली होती. मधलं सगळं गळालं. तिच्या पुस्तकात मुलगा घरी निघतच नव्हता, बाप धावतच नव्हता. घरापासून लांब, डुकरं राखत बसल्या बसल्याच पोराला नवा झगा मिळत होता.

कुणाच्या लक्षात यायच्या आत पानाच्या कडेला त्या ओळी भराव्यात, म्हणून ती पहिल्या होडीनं आली होती. आणि हा माणूस तर खुशाल वाचत होता... बापाला तो लांबूनच दिसतो, बाप धावत सुटतो, त्याच्या गळ्यात पडतो...

पपायरसच्या पानावर जे नाही ते कुणी वाचतं कसं?

लोक पांगल्यावर ती त्याच्यापाशी गेली.

"मघाचं ते दाखवता का जरा? बाप धावतो ते."

तो हसला. हसताना त्याची एक भुवई वर जायची. "एवढं आवडलं?"

"फार. कुठल्या ओळीत आहे?"

त्यानं पुस्तक उघडलं आणि मोठ्या विश्वासानं एका जागी बोट ठेवलं. तिथे शेतात बी पेरणाऱ्याची गोष्ट होती.

थाएसी त्या बोटाकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "हे पुस्तक मी लिहिलंय."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमचे आधीचे वाचक आंधळे झाले होते. मी त्यांना हाताला धरून आणायचो. ते पाठ म्हणायचे, मी ऐकायचो... ते गेले आणि मंडळीच्या वडिलांनी, अपांनी, तेव्हाचं जुनं पुस्तक माझ्या हातात दिलं. अक्षर येतं का, हे कुणी विचारलंच नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. अकरा वर्षं झाली." तो कसनुसा हसला. "गावात कळलं तर मला तोंड लपवायला जागा राहणार नाही, बाई."

"माझं नाव थाएसी. आणि माझ्या नऊ ओळी तुम्ही सांगणार नसाल, तर मीही काही सांगणार नाही."

"पमून," तो म्हणाला. "ठरलं."

खरं तर नऊ ओळींना अर्धा दिवस पुरला असता. थाएसी मात्र चार दिवस गावातल्या आत्याकडे राहिली. रोज दुपारी कालव्याच्या काठी खजुरीच्या सावलीत ती बोरूनं ओल्या गाळात अक्षरं काढायची, आणि पमून शेजारी उकिडवा बसायचा.

"हे बघा. गोल, आणि मधे आडवी काडी."

"कापलेल्या अंजिरासारखं दिसतंय."

"माझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे ते."

"मग गोडच असणार."

थाएसीनं मान वर केली नाही, पण तिचे कान तापले. "मंडळीसमोरही असंच बोलता का?"

"तिथे पाठ केलेलं बोलतो," पमून म्हणाला. "हे माझं स्वतःचं आहे..."

त्यानं अक्षर काढायला हात पुढे केला. बोरूवर बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही ते काढून घेतलं नाही.

पाचव्या दिवशी नगरातून कारकून आला. बरोबर दोन शिपाई. बादशहाच्या हुकमाबद्दल नुसतं कानावर आलं होतं. तो असा दारात उभा राहील असं कुणाला वाटलं नव्हतं. ख्रिस्ती लोकांची पुस्तकं जप्त करून जाळायची. सगळ्या गावाला मंडळीच्या घरात गोळा केलं गेलं. मंडळीचे वडील, अपा हिराक्स, यांनी पुस्तक पुढे केलं.

कारकून पानं चाळता चाळता थांबला. त्यानं अंगठा ओला करून पानाच्या कडेवर घासला. अंगठा काळा झाला.

"ही शाई ताजी आहे," तो म्हणाला. "मधली जुनी, कडेची ताजी. म्हणजे लिहिणारा इथेच आहे. कोण आहे? त्याला नगरात घेऊन जायचंय."

थाएसीनं शाईची बोटं शालीत लपवली. तिच्यामुळे आता गावातला भलताच कुणीतरी धरला जाणार... ती अर्धवट उठली. आत्यानं तिला दंडाला धरून खाली खेचलं.

"पुस्तक असंच आलं," पमूननं ठोकून दिलं. "चार दिवसांपूर्वी. होडीवाल्यानं आणून दिलं."

"तू कोण?"

"मी इथला वाचक."

"वाचक? मग आलं तेव्हा कडेचं हे तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही? कोण लिहितं हे विचारलं नाहीस?"

"मला कडेचं काय नि मधलं काय, सारखंच." पमूननं घसा खाकरला. "मला अक्षर येत नाही, साहेब."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"थापा मारतो!" कारकुनानं पुस्तक त्याच्या नाकासमोर धरलं. "वाच."

पमूननं म्हणायला सुरुवात केली, गलबतावरच्या वादळाची गोष्ट. कारकुनाची नजर पानावर होती. तिथे लग्नाच्या मेजवानीबद्दल लिहिलं होतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं एका अक्षरावर बोट आपटलं. "हे? हे तरी?"

गोल, मधे आडवी काडी. पमूनच्या डोळ्यांत ओळख आलेली थाएसीनं पाहिली.

"नाही ओळखत," तो म्हणाला.

कारकून एवढ्या जोरात हसला की शिपाईही हसू लागले. "वाचकालाच वाचता येत नाही! अरे, मग इथे लिहिणारा कुठून असणार? पुस्तक कुणी लिहिलं हे तुम्हाला काय डोंबल कळणार? तुम्हाला कुणी भाजीचा हिशेब दिला असता, तरी तुम्ही गुडघे टेकले असते." त्यानं आपल्या यादीत लिहिलं, 'वाचक निरक्षर', आणि पुस्तक काखेत मारून तो गेला.

मग एक म्हातारी उठली. "अकरा वर्षं, पमून! आम्ही समजत होतो तू वाचतोयस!" ती तशीच बाहेर पडली. तिच्यामागे एकेक जण. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. अपा हिराक्स तेवढे थांबले.

थाएसीनं त्याला कालव्याच्या काठावर गाठलं.

"का केलंत असं? मी उठले होते."

"पाहिलं ना. म्हणूनच घाई केली."

"आता गावात तुम्हाला कोण..."

"कुणी नाही," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही परत जा. संध्याकाळची होडी आहे."

"मी जाणार नाही."

"थाएसी—"

"ते पुस्तक आज जळेल. तुमच्या डोक्यातलं कसं जाळतील? तुम्ही सांगा, मी लिहिते. रोज. वर्ष लागेल, कदाचित जास्तच."

"वर्षभर? माझ्यासारख्या माणसाजवळ परकी मुलगी रोज येऊन बसली तर लोक—"

"म्हणून तर म्हणते," थाएसी म्हणाली. "आपण लग्न करू या."

पमून मटकन गाळातच बसला, कोऱ्या अंगरख्यासकट. दिवसभरात पहिल्यांदाच थाएसीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तीही त्याच्या शेजारी बसली.

"चालेल," तो म्हणाला. त्यानं तिचा शाईनं काळा झालेला हात शालीतून बाहेर काढला आणि सरळ आपल्या हातात धरला. समोरून होडी जात होती, तरीही. "पण अपांना तू सांग. माझ्याकडून आज त्यांना एक धक्का बसलाय, तेवढा पुरे."